रेवसच्या धक्क्यावरून माल्मोला

आमच्या घरात गटारी कधी झाली नाही. आषाढी अमावास्येला आळीत घरोघरी मटणाचा रस्सा रटरटायचा आणि आमच्याकडे आजी कणकेत गूळ घालून दिवे उकडायची. दिव्याची अवस. घरातले समई-निरांजन घासूनपुसून पाटावर मांडायचे, पूजा व्हायची, आणि मग कणकेचा एक दिवा आजी वेगळा काढून अंगणाच्या पायरीवर, खाडीकडे तोंड करून ठेवायची. तो मोठ्या आजोबांचा. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वारा-पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली. अवसेला घरी पोचायचं म्हणून निघालेली माणसं होती त्यात. सहाशेहून अधिक गेली. आजोबांचे थोरले भाऊ त्यांतलेच.

शिष्यवृत्तीबद्दल लिहायला बसले आणि सुरुवात इथून झाली, कारण माझा अर्जही शेवटी इथूनच सुरू झाला.

बाबा याच पट्ट्यात लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारे, होते. मी कोचीला नौकास्थापत्य, म्हणजे जहाजांचा आराखडा करण्याचं शास्त्र, शिकले आणि किनाऱ्यावरच्या एका सरकारी खात्यात लागले. काम प्रवासी लाँच तपासायचं: सांगाडा, इंजिन, पाणी उपसायचे पंप, आगीची साधनं, लाइफ जॅकेट, आणि परवान्यावरचा प्रवाशांचा आकडा. २०२२ च्या सप्टेंबरपासून १४ महिने मी स्वीडनमध्ये माल्मोला, वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीत होते, सासाकावा फेलोशिपवर. परत आल्यापासून लहान बंदरांत काम करणारी मुलंमुली फोन करून विचारतात, कसं मिळालं, काय लागतं, घर सोडून जाण्याइतकं त्यात आहे का. तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं असं मनात होतं.

आधी हे विद्यापीठ कशासाठी आहे ते. लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आहे, आयएमओ, संयुक्त राष्ट्रांची. जहाजांच्या सुरक्षेचे, समुद्र स्वच्छ ठेवण्याचे जागतिक करार तिथे होतात. पण नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांकडे जहाजं आली, बंदरं आली, करारांवर सह्याही झाल्या, आणि ते करार राबवायला माणूस मात्र नव्हता. जहाज तपासणारा सर्वेक्षक नाही, नियम लिहिणारा अधिकारी नाही, अपघाताची चौकशी कशी करायची हे शिकलेला कुणी नाही. ही उणीव भरायला १९८३ च्या जुलैत माल्मोला हे विद्यापीठ उघडलं. तेव्हा आयएमओचे सरचिटणीस होते आपले चंद्रिका प्रसाद श्रीवास्तव. लालबहादूर शास्त्रींबरोबर काम केलेले सनदी अधिकारी, शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी करणाऱ्यांपैकी एक, आणि या विद्यापीठाचे पहिले कुलपती. त्यांची पत्नी छिंदवाड्याच्या मराठी साळवे घराण्यातली, नागपूरच्या एन. के. पी. साळव्यांची बहीण. म्हणजे १९८३ च्या त्याच उन्हाळ्यात साळवे क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष म्हणून लॉर्ड्सवर विश्वचषक बघत होते आणि त्यांचे मेहुणे माल्मोला हे विद्यापीठ उघडत होते. पहिली गोष्ट आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असते. दुसरी कुणाला ठाऊकच नसते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आजवर पाचेक हजारांहून जास्त लोक तिथून शिकून आपापल्या देशांत परतले आहेत.

सासाकावा फेलोशिपचा पैसा जपानच्या निप्पॉन फाउंडेशनकडून येतो, आणि त्या संस्थेचं उत्पन्न जपानमधल्या मोटरबोट शर्यतींच्या पैजांतून. संस्थापक रियोइची सासाकावा दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून तुरुंगात होते. खटला चालला नाही, सुटले. हे मी अर्ज करण्याआधी वाचलं होतं आणि दोन रात्री त्यावर विचार केला होता. ज्याला अर्ज करायचाय त्याने हे माहीत करून घ्यावं, लपवण्यासारखं काही नाही. माझं मत असं झालं की हा पैसा आज जिथे जातोय तिथे गरज खरी आहे. शिक्षणशुल्क, राहणं, विमा, विमानभाडं, दरमहा खर्चाला रक्कम, सगळं त्यातून मिळतं. माझ्यासारखीला दुसरा रस्ता नव्हता.

आता अर्ज. पदवी, नोकरीचा अनुभव, इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, नोकरी देणाऱ्याची शिफारस, हे सगळं मागतात आणि ते जमवता येतं. घाम काढतो तो निबंध: तुम्हाला का यायचंय आणि परत जाऊन काय करणार. माझा पहिला मसुदा 'देशाच्या सागरी क्षेत्राच्या सर्वांगीण विकासात योगदान' वगैरे होता. आमच्या खात्यातून निवृत्त झालेले एक कॅप्टन आहेत, त्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे कुणीही लिहील. तू रोज धक्क्यावर जातेस ना? तिथे तुला काय टोचतं ते लिही."

तीन दिवस काही सुचलं नाही. चौथ्या दिवशी एका लाँचच्या तपासणीला गेले. दाराच्या चौकटीवर पांढऱ्या रंगात प्रवासीसंख्या रंगवलेली होती, रंगावर रंग चढून अक्षरं जाड झालेली. मी रजिस्टर काढलं. गेल्या वर्षी तोच आकडा, त्याआधीच्या वर्षी तोच. जुन्या वहीत मागे मागे गेले. मूळ मालक बदलला होता, इंजिन बदललं होतं, वरच्या डेकवर नंतर पत्र्याचं छप्पर आणि बाकं चढली होती. आकडा तोच. तो पहिल्यांदा कुणी, कशावरून काढला याचा एक कागद सापडला नाही. आणि त्या आकड्याखाली गेली चार वर्षं माझी सही होती.

त्या रात्री निबंध लिहून झाला. पहिलं वाक्य होतं: मी ज्या आकड्यावर सही करते तो कसा आला हे मला सांगता येत नाही. दुसऱ्या परिच्छेदात रामदास होती.

निवड झाली, तरी पहिल्या वर्षी मी गेले नाही. ना-हरकत पत्रासाठी फाईल सात टेबलं फिरली आणि पत्र हातात आलं तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. कुणी मुद्दाम अडवलं असं मी म्हणणार नाही. असल्या रजेचा नमुनाच कुणापाशी नव्हता, आणि नमुना नसला की फाईल सुरक्षित टेबल शोधत राहते. त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून रडले. पुढच्या वर्षी आस्थापना शाखेतल्या एका ताईंनी वाट दाखवली. म्हणाल्या, "मॅडम, टिपणीच्या पहिल्याच ओळीत लिहा, शासनावर आर्थिक भार शून्य. खाली लाल रेघ मारा. साहेब तेवढंच वाचतात." तेवढंच वाचलं गेलं. परत येऊन तीन वर्षं नोकरी करीन असा बाँड लिहून दिला. म्हणून जे विचारतात त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: इंग्रजीची परीक्षा नंतर द्या, निबंधही नंतर लिहा, आधी फाईल हलवा. सहा महिने धरून चाला. अर्जाची तारीख दर वर्षी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

माल्मोबद्दल थोडक्यात. विद्यापीठ जुन्या बंदर कचेरीच्या मनोऱ्याच्या इमारतीत आहे, तिला लागून काच आणि धातूची नवी तिरकी इमारत जोडलेली, समोर कालवा. कधीकाळी या शहरात कॉकम्सचा अजस्र जहाज कारखाना होता. तो बंद पडला आणि त्याची १३८ मीटर उंचीची क्रेन २००२ मध्ये कोरियाला एका डॉलरला विकली गेली. क्रेन समुद्रातून जाताना लोक किनाऱ्यावर येऊन रडले होते. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो आणि तो अंधार अंगावर येतो. पहिल्या महिन्यातच ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करा, खोलीत भरपूर उजेड ठेवा, आणि संध्याकाळी एकटं बसू नका. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता मोलेवोंगेनच्या बाजारात मिळतो. सायकल पहिल्याच आठवड्यात घ्या.

माझा विषय होता सागरी सुरक्षा आणि पर्यावरण प्रशासन. वर्गात जास्त करून माझ्यासारखेच, कुठल्या ना कुठल्या देशाच्या बंदर खात्यातले, तटरक्षक दलातले, पस्तिशी-चाळिशीतले लोक. काहींनी केसांत पांढरं आल्यावर पहिल्यांदा परदेश पाहिलेला. फ्रेंच बोलणारे देश, मध्य आशिया, लॅटिन अमेरिका इथले बरेच जण उन्हाळ्यातच येऊन इंग्रजीचा वेगळा वर्ग करतात. सेनेगलचा माझा वर्गमित्र तसाच आला होता. सप्टेंबरात तो वाक्य जुळवत बोलायचा, मार्चमध्ये वाद घालायचा.

नोव्हेंबरातला एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. विषय 'एस्टोनिया'. टालिनहून स्टॉकहोमला निघालेली ही मोठी प्रवासी बोट २८ सप्टेंबर १९९४ ला मध्यरात्रीनंतर वादळात बुडाली. गाड्या आत घेण्यासाठी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उघडणारं झाकण असतं, ते लाटांच्या माऱ्याने तुटून पडलं आणि गाड्यांच्या डेकवर पाणी घुसलं. ९८९ पैकी ८५२ माणसं गेली, त्यांत ५०१ स्वीडिश. मग सरांनी पुढचं सांगितलं. दोन वर्षांत उत्तर युरोपच्या देशांनी स्टॉकहोम करार केला: गाड्यांच्या डेकवर ठरावीक उंचीपर्यंत पाणी साचलं तरी बोट उलटता कामा नये. जुन्या बोटींनाही ते सिद्ध करावं लागलं, नाही तर सेवेतून जावं लागलं.

तास संपला तरी आम्ही पाच-सहा जण उठलो नाही. रात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भात शिजत असताना सेनेगलचा मित्र बोलायला लागला. २६ सप्टेंबर २००२. 'जूला' ही सरकारी बोट झिगिंशोरहून डाकारला निघाली होती. क्षमता सहाशेच्या आतली, चढले दोन हजारांच्या आसपास. गांबियाच्या किनाऱ्याबाहेर वाऱ्याने काही मिनिटांत उलटली. १,८६३ मेले, 'टायटॅनिक'हून जास्त. जगले पासष्टही नसतील. त्याच्या शाळेतल्या एका शिक्षिका त्यात होत्या. मग फिलिपिन्सची मैत्रीण म्हणाली, 'दोन्या पाझ', डिसेंबर १९८७, नाताळच्या तोंडावर घरी निघालेले लोक, तेलवाहू जहाजाशी टक्कर आणि आग. चार हजारांहून जास्त. टांझानियाच्या मैत्रिणीने दोन नावं घेतली, व्हिक्टोरिया सरोवरातली १९९६ ची 'बुकोबा' आणि झांझिबारजवळची २०११ ची 'स्पाइस आयलंडर'. टोंगाचा मित्र कमी बोलायचा. "आमची 'प्रिन्सेस आशिका'," तो म्हणाला, "२००९. चौऱ्याहत्तर माणसं. तुम्हाला लहान आकडा वाटेल. आमचा देश लहान आहे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी रामदास सांगितली. सणाला घरी जाणारी माणसं, वारा-पाऊस, एका बाजूला पळालेली गर्दी, उलटलेली बोट. सेनेगलचा मित्र मान हलवत राहिला. त्याला त्यातलं काही नवीन नव्हतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे. 'टायटॅनिक'नंतर १९१४ मध्ये समुद्रावर माणसांचे जीव वाचवण्यासाठी जो सोलास करार झाला आणि पुढे वाढत गेला, तो मुळात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांना लागू आहे. देशाच्या आतल्या आत चालणाऱ्या बोटी त्यात येत नाहीत. त्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं. म्हणून भाऊचा धक्का ते रेवस, झिगिंशोर ते डाकार, झांझिबार ते पेम्बा, सगळं त्या कराराच्या बाहेर. आणि गरीब देशांत माणसं बुडतात ती मुख्यतः याच बोटींत. २०१५ मध्ये मनिलाला यावर परिषद झाली, मार्गदर्शक तत्त्वं ठरली. २०२२ च्या एप्रिलमध्ये आयएमओने देशांतर्गत फेरीबोटींसाठी नमुना नियम मंजूर केले. नमुना, म्हणजे ऐच्छिक. ते कागद वर्गात हातात आले तेव्हा शाईही जुनी झाली नव्हती. मी ते इतक्यांदा वाचले की समासात जागा उरली नाही.

प्रबंधाचा विषय घेऊन मार्गदर्शकांकडे गेले तेव्हा त्यांनी माझी तीन पानं वाचली आणि एकच विचारलं: "तुमच्याकडे बोटीवर किती माणसं चढतात हे कोण मोजतं?" तिकिटं असतात, मी म्हटलं. "लहान मुलांचं तिकीट असतं?" नसतं. "माणसं कुठे बसतात, वर की खाली, डावीकडे की उजवीकडे?" मला माहीत नव्हतं. ज्या बोटींवर माझं बालपण गेलं त्यांच्याबद्दल मला हे माहीत नव्हतं.

त्या रात्री बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, मी मोजतो की." मी भावाला सांगून ते अंगठ्याने दाबायचं मोजणी यंत्र मागवून दिलं. जानेवारी ते मे, दर रविवारी, कधी मांडव्याला, कधी रेवसला, सत्तरीला टेकलेले बाबा धक्क्यावर उभं राहून माणसं मोजायचे आणि मग स्वतः तिकीट काढून बोटीत बसायचे. वहीत रेघा मारलेल्या: वरचा डेक डावी, वरचा डेक उजवी, खालचा. कडेवरची पोरं वेगळी. संध्याकाळी पानाचा फोटो यायचा. एका फोटोत समासात त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं: "मांडवा. सीगल आले. वरचे सगळे डावीकडे."

हिवाळ्यात मांडव्याच्या बोटीमागे सीगल लागतात आणि लोक त्यांना खाऊ टाकायला एका कठड्याशी गर्दी करतात. आपण सगळ्यांनी ते केलंय. नौकास्थापत्याच्या पुस्तकात याच गर्दीचं गणित असतं: माणशी ७५ किलो, एका चौरस मीटरवर चार माणसं, सगळी एका कडेला उभी आहेत असं धरायचं आणि बोट किती कलते ते काढायचं. ते गणित मी कोचीत परीक्षेत सोडवलं होतं. सीगलचा आणि त्या गणिताचा संबंध बाबांच्या समासातल्या त्या ओळीने लावून दिला.

वसंतात सासाकावा फेलोंना आठवडाभर जपानला नेतात. बंदरं, जहाज कारखाने, तटरक्षक दल, सगळं पाहिलं, आदरातिथ्य मनापासूनचं होतं. पण माझ्या मनात राहिलं ते जेवताना एका वयस्कर यजमानांनी सांगितलेलं. १९५४ मध्ये 'तोया मारू' ही रेल्वेची फेरीबोट हाकोदातेजवळ चक्रीवादळात बुडाली, अकराशेहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी 'शिउन मारू', १६८ मृत, त्यांत निम्म्याहून जास्त सहलीला निघालेली शाळकरी मुलं. या दोन दुःखांतून एकीकडे समुद्राखालचा सेइकान बोगदा आणि दुसरीकडे सेतो समुद्रावरचा पूल झाला, दोन्ही १९८८ मध्ये खुले झाले. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी ती गोष्ट हातातून सोडली नाही. श्रीमंत देशांतही माणसं अशीच बुडत होती. त्यांनी त्यानंतर काय केलं, ते मला बघायचं होतं, आणि ते बघायला मिळालं.

लंडनला आयएमओच्या इमारतीच्या दर्शनी भागात कांस्याची एक प्रचंड नाळ बाहेर आलेली आहे, जहाज भिंत फोडून येतंय अशी, वर एकटा खलाशी. खलाशांचं स्मारक. मी त्याच्याखाली उभी राहून बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते बराच वेळ बघत होते. म्हणाले, "दोर नीट बांधलाय का बघ." सारंगाची नजर.

२०२३ ची दिव्याची अवस १७ जुलैला आली. तिथी आणि तारीख, दोन्ही तीच. आम्ही तेव्हा प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात होतो, डोळे सुजलेले. मी दुपारी कणीक भिजवली, गूळ मिळाला नाही म्हणून ब्राउन शुगर घातली, दिवे वळून उकडले. आजीच्या दिव्यांसारखे झाले नाहीत, कडा फाटल्या. टांझानियाची मैत्रीण शेजारी उभी राहून वाती वळायला शिकली. रात्री दहाच्या सुमाराला आम्ही सहा जण रिबर्सबोरीच्या किनाऱ्यावर गेलो. आभाळात अजून उजेड होता, लांबवर ओरेसुंदचा पूल दिसत होता. वाळूत खड्डा करून, आडोशाला पाठी करून दिवे लावले. प्रत्येकाने आपापल्या बोटीचं नाव घेतलं. टोंगाच्या मित्राने हळू आवाजात त्यांची प्रार्थना म्हटली. वाऱ्याने दिवे दोनदा विझले, दोनदा लावले. मग आम्ही ते खाल्ले, कारण आजी म्हणायची दिवा वाया घालवायचा नसतो.

नोव्हेंबरात पदवी घेऊन परतले. आल्यावर काय केलं, हा प्रश्न फेलोशिप देणारेही विचारतात आणि तो रास्त आहे. मी एका लाँचपासून सुरुवात केली, त्याच जाड अक्षरांच्या लाँचपासून. तिची कल चाचणी घेतली. भरती स्थिरावली की बोट धक्क्याला सैल बांधायची, खालच्या डेकच्या मधोमध छताला लांब ओळंबा लावायचा, त्याचं वजन तेलाच्या बादलीत बुडवून ठेवायचं म्हणजे ते डुलत राहत नाही. मग मोजून भरलेल्या वाळूच्या गोण्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला न्यायच्या आणि ओळंब्याचा दोरा पट्टीवर किती सरकतो ते बघायचं. दोरा मिलिमीटरांत बोलतो. बोट स्वतःला सावरायला किती ताकद बाळगून आहे ते त्यावरून निघतं. त्या दिवशी गोण्या वाहायला खलाशी होते, आणि पट्टीपाशी गुडघ्यावर बसून बाबा आकडे सांगत होते. वरच्या डेकवरच्या छपराने आणि बाकांनी बोटीचं किती बळ खाल्लंय ते संध्याकाळपर्यंत कागदावर आलं. जुना आकडा टिकला नाही. मालक नाराज झाले, साहजिक आहे, त्यांचं पोट त्यावर आहे. दोन बैठका झाल्या, मी दोरा कसा सरकला ते त्यांना पट्टी हातात देऊन दाखवलं. मग चौकटीवरचा रंग खरवडून नवा आकडा लिहिला गेला. वरच्या डेकसाठी वेगळा, खालच्यासाठी वेगळा.

एकच लाँच. पुढच्या वर्षभरात आणखी काही झाल्या. वेग कमी आहे, मला माहीत आहे.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची वेगवान बोट धडकली. शंभराहून अधिक माणसं होती तीवर. पंधरा जीव गेले. चौकशी ज्यांची आहे ते करतील, मी त्यावर लिहिणार नाही. मला सांगायचंय ते त्या रात्रीचं. अकरा वाजता फोन वाजायला लागला. डाकारहून, मनिलाहून, झांझिबारहून, टोंगाच्या नुकुआलोफाहून. तू ठीक आहेस का, हे सगळ्यांनी आधी विचारलं. मग प्रश्न आले, आणि ते आमच्यासारख्यांचेच प्रश्न होते: अंगात जॅकेट होती का, प्रवाशांची यादी होती का, पहिली मदत किती मिनिटांत पोचली. पहाटेपर्यंत फिलिपिन्सच्या मैत्रिणीने त्यांच्याकडचा प्रवासी नोंदीचा तक्ता पाठवला. सेनेगलच्या मित्राने त्यांची चढण्याआधीची सूचनापत्रिका पाठवली, इंग्रजीत भाषांतर करून, त्याच्या स्वतःच्या इंग्रजीत. मी ती दुसऱ्या दिवशी मराठीत केली. १४ महिन्यांत मला काय मिळालं असं कुणी विचारलं तर पदवीआधी मी ती रात्र सांगते.

माल्मो हा एकच रस्ता नाही. सागरी कायद्याकडे ओढा असेल तर माल्टाला १९८८ पासून आयएमओची कायदा संस्था आहे, तिथे निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. समुद्रतळाचं मापन करायचं असेल तर अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठात २००४ पासून निप्पॉन फाउंडेशन आणि गेबको (जगभरच्या समुद्रतळाचे नकाशे करणारा उपक्रम) यांचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालतो, मोजकेच प्रशिक्षणार्थी घेतात. समुद्राच्या धोरणावर काम करणाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या सागर विभागाचीही निप्पॉन फेलोशिप आहे. आपल्या किनाऱ्यावरून या सगळ्यांसाठी अर्ज जायला हवेत. जे काम तुम्ही रोज करता आणि जे तुम्हाला टोचतं, ते घेऊन जा.

आमच्या खात्यात दोन वर्षांपूर्वी लागलेला एक मुलगा यंदा अर्ज करतोय. मुरुडकडचा, घरची मासेमारी. फाईल जूनमध्येच हलवली आहे, पहिल्या ओळीखाली लाल रेघ आहे. काल निबंधाचा मसुदा घेऊन आला. सुरुवात 'सागरी क्षेत्राच्या सर्वांगीण विकासासाठी' अशी होती. मी चष्मा लावत नाही, नाहीतर काढून टेबलावर ठेवला असता. त्याला म्हटलं, रविवारी सकाळी सातला रेवसच्या धक्क्यावर ये. बाबा मोजणी यंत्र घेऊन येणार आहेत. वही तुझी आण.